अवघड बाळंतिणीसाठी

सकाळी आलेल्या अर्जांमध्ये एक केतकीच्या भावाचा होता.

अर्जदार मल्लिनाथ बिराजदार. मृत व्यक्ती अक्षता मल्लिनाथ बिराजदार. मृत्यूचं कारण, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. केतकीने ते दोनदा वाचलं, हातातला कप खाली ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली. तिला काही वाटलं नाही. निदान वाटल्याचं लक्षात आलं नाही. खिडकीबाहेर विजापूर रोडवर ऊन चढत होतं, एवढं मात्र तिने पाहिलं.

"तस्नीम, हा तू घे. नात्यातला आहे."

तस्नीम इनामदार पलीकडच्या टेबलावर कडक भाकरीवर शेंगांची चटणी लावून खात होती. तिने बोटं पुसली आणि मान तिरकी करून पडद्याकडे पाहिलं. तिची चेष्टेची तयारी होती; नाव वाचल्यावर ती गिळून टाकली.

"वहिनी?"

"हो."

"भावाने तुला विचारलं नव्हतं?"

"नाही."

"बरं केलं. विचारलं असतं तर तू नियम सांगत बसली असतीस." तस्नीमने अर्ज स्वतःकडे ओढून घेतला. "आठवडा लागेल. तोवर इकडे डोकावायचं नाही."

केतकी या संस्थेत लागली तेव्हा 'ओघ' हे तिथलं यंत्र म्हणजे नुसता नकाशा होता, आणि तोही एका आडबाजूच्या विषयाचा. वैद्यकात नवं काही सापडतं, ते खरं ठरतं, तरी रोग्याच्या खाटेपर्यंत पोचायला त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात. पुष्कळदा ते पोचतच नाही. का पोचत नाही आणि कसं पोचवावं, याचा अभ्यास करणारेही लोक आहेत. त्यांचंही आता एक शास्त्र झालं आहे. हे शास्त्र कसकसं वाढलं ते शोधणं हे केतकीचं काम. त्या विषयावरचे जगातले सगळे निबंध ओघने वाचले. कोणी कोणाचा आधार घेतला त्याचे धागे जोडले. एवढं जुन्या यंत्रांनाही जमत होतं. ओघ त्यापुढे जाऊन वाक्यांचे अर्थ ताडून पाही: एखादा विचार इथे आला तो कुठून, आणि वाटेत त्यातलं काय गळलं.

पडद्यावर ते सगळं पाणलोटाच्या नकाशासारखं दिसे. सुरुवातीला सुटे झरे: छापलं की डॉक्टर आपोआप वाचतील, असं मानणाऱ्यांचे. मग प्रशिक्षणाचा प्रवाह. मग अडथळ्यांचा, आणि तो सगळ्यांत रुंद. वेळ नाही, माणसं नाहीत, पुरवठा नाही, कर्मचाऱ्यांना आस्था नाही. या अडथळ्यांच्या वर्गवाऱ्या, त्या वर्गवाऱ्यांवरच्या वर्गवाऱ्या. शेवटी सगळे प्रवाह एका मोठ्या तळ्यात येऊन मिळत. तळं देखणं होतं. त्यातून बाहेर पडणारं पाणी मात्र केसाएवढं. हे निबंध वाचत होते ते असेच निबंध लिहिणारे. 'ज्ञान वापरात कसं आणावं याचं ज्ञान वापरात आलेलं नाही,' असं वाक्य केतकीने अहवालात लिहिलं, तेव्हा सभेत हशा पिकला. पुढे ते वाक्य बरंच गाजलं.

त्या हशानंतरच ओघला खऱ्या दवाखान्यांशी जोडायचं ठरलं. तोवर औषधांच्या आणि साहित्याच्या प्रत्येक पाकिटावर चिप आली होती. पाकीट कुठल्या दवाखान्यात पोचलं आणि त्याचं सील कधी फुटलं, ते ती कळवी. परिपत्रकं, प्रशिक्षणाची पत्रकं, वॉर्डातल्या नोंदी, सगळं एका जागी आलं. आता ओघ उलटाही चालू शकत होता. एक मृत्यू घ्यायचा आणि विचारायचं: हे माणूस वाचवणारं ज्ञान तेव्हा जगात होतं का? असेल तर ते कुठे अडलं? ज्या जागी अडलं तिला संस्थेतले लोक बांध म्हणत. यंदापासून कोणाही नातेवाइकाला हा माग मागायचा हक्क मिळाला होता.

एकेका मागात चाळीस-पन्नास बांध निघत. त्यातला फक्त शेवटचा दाखवायचा, हा नियम केतकीचाच. "दुःखात असलेल्या माणसापुढे पन्नास नावं ठेवली तर तो काय करील?" असं तिने बैठकीत विचारलं होतं. "त्याला एक जागा हवी असते. पाणी शेवटी जिथे अडलं ती दाखवा." सगळ्यांना ते पटलं होतं.

रविवारी ती गावी गेली. तालुक्याचं गाव, तासाभराची बस. मल्लिनाथ, त्याची मुलगी ओवी आणि आई असं तिघांचं घर. मल्लिनाथ सौर पंपांची दुरुस्ती करी. आई, सुमित्रा बिराजदार, तिथल्याच सरकारी रुग्णालयात प्रसूती वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होती. निवृत्त होऊन तिला दोन वर्षं झाली होती. गावात अजूनही सगळे तिला सुमित्रा सिस्टरच म्हणत.

दारातच ओवी भेटली. "आत्या, अज्जीनं मला नवा ड्रेस घेतला. लगेच घाल म्हणाली. आज काय सण पण नाही."

"हिचं असंच झालंय," आतून मल्लिनाथ म्हणाला. "परवा इरकल नेसून भाजी आणायला गेली. भाजीवाली विचारतीय, कुणाचं लग्न आहे की काय सिस्टर."

"मग काय झालं?" आई म्हणाली. "कपाटात ठेवून कसर खाईल ती."

"तू बोलतीस हे! लहानपणी आम्हाला बूट घेतले की वर्षभर खोक्यात. वाढत्या अंगाचे म्हणून दोन नंबर मोठे. अंग वाढेस्तोवर बूट तडकायचे."

आई हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने पाहुण्यांचे म्हणून ठेवलेले निळ्या फुलांचे कप काढले. त्यातल्या दोन कपांचे कान उडालेले होते. हे कप अक्षताच्या माहेरून आले होते आणि एके काळी काचेच्या कपाटातून कधी बाहेर पडत नव्हते. ते कपाट आता रिकामंच असे. सून गेली आणि सासू उधळी झाली, असं शेजारीपाजारी म्हणत. केतकीने ते दुःख समजून सोडून दिलं होतं.

चहा झाल्यावर मल्लिनाथ तिला अंगणात घेऊन गेला.

"अर्ज बघितलास?"

"बघितला. मला हात लावता येत नाही त्याला."

"लावू नकोस. मला फक्त त्या डॉक्टरचं नाव पाहिजे. संध्याकाळी जेवायला म्हणून गेला आणि आला तेव्हा सगळं संपलं होतं. सात वर्षं नशीब-नशीब म्हणत काढली. आता ओवी विचारती, आई कशानं गेली. तिला काय, नशीब म्हणून सांगू?"

"डॉक्टरचंच नाव येईल असं नाही, दादा."

"मग कुणाचं येईल? ज्याचं येईल त्याला मी सोडत नाही बघ." तो हे शांतपणे म्हणाला, पंपाचा बिघाड सांगावा तसं. "या घरात तरी त्याचं नाव पुन्हा निघणार नाही. ओवीवर त्याची सावली पडू देणार नाही."

केतकीने मान हलवली. घरात आई ओवीची वेणी घालत होती आणि ओवी ओरडत होती की घट्ट होतीय, घट्ट होतीय.

बुधवारी तस्नीम तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. एरवी ती लांबूनच हाक मारी.

"माग निघालाय. परवा तुझ्या भावाला जाईल. नियमाप्रमाणे मी तुला दाखवायला नको." ती थांबली. "पण तू बघ."

ज्ञान अगदी साधं होतं. बाळंतपणानंतर रक्त जातंच; किती गेलं की धोका, हा प्रश्न. पिढ्यान् पिढ्या तो अंदाज डोळ्यांनी घेतला जाई आणि डोळे फसत. गेलेल्याच्या निम्मंच रक्त दिसे. त्यावर उपाय म्हणून बाळंतिणीखाली एक प्लास्टिकची पिशवी लावायची. तिच्यावर दोन रेघा, एक पिवळी, एक लाल. रक्त पिवळीला लागलं की सावध व्हायचं, लालला लागायच्या आत सगळे उपचार एकदम सुरू करायचे. बाईचा चेहरा पांढरा पडण्याची वाट पाहायची नाही.

पिशवी उपयोगी आहे हे सिद्ध झाल्यापासून ती या तालुक्यात पोचायला अकरा वर्षं लागली होती. पण पोचली होती. अक्षता गेली त्याच्या चार महिने आधी पिशव्यांचं खोकं प्रसूती वॉर्डात आलं होतं. अक्षता गेली त्या दिवशी एकाही पिशवीचं सील फुटलेलं नव्हतं.

*शेवटचा बांध : प्रसूती वॉर्ड, साहित्याचं कपाट. जबाबदार पद : इन्चार्ज सिस्टर. अडथळ्याचा वर्ग : कर्मचाऱ्यांची अनास्था.*

त्याखाली पदावरच्या व्यक्तीचं नाव होतं.

केतकीने ते वाचलं. अक्षरं स्पष्ट होती.

"आधीचे बांध दाखव."

तस्नीमने दाखवले. निबंध, आढावे, समित्या. मूळ निबंधात 'प्रत्येक प्रसूतीत' असं होतं. ते तीन पायऱ्या खाली उतरेपर्यंत तसंच राहिलं. चौथ्या पायरीवर, पुरवठा कमी पडेल या काळजीने कोणीतरी तिथे 'आवश्यकतेनुसार' असं केलं होतं. ओघने ती जागा नारिंगी रंगाने दाखवली होती. आई ज्या प्रशिक्षणाला गेली तिथलं पत्रक या नारिंगी जागेच्या खालचं; त्यातही 'आवश्यकतेनुसार'च होतं.

"हे भावाला दिसणार नाही," तस्नीम म्हणाली.

"नाही."

"नियम तुझा आहे."

"माहीत आहे."

"बदलायचा असेल तर बैठकीत मांड. पण आज मांडलास तर लोक म्हणतील, आईसाठी मांडला."

तस्नीम बरोबर बोलत होती. केतकी म्हणाली, "मृत्यूनंतरचा एक दिवस उघडून दाखव."

"माग मृत्यूपाशी संपतो."

"पाणी संपत नाही. उघड."

तस्नीमने तारीख एका दिवसाने पुढे सरकवली. पडद्यावर त्या वॉर्डाचा ठिपका राखाडी होता, तो निळा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिलं सील फुटलं होतं. मग दुपारी एक, रात्री दोन. त्यानंतर त्या वॉर्डात जितकी बाळंतपणं, तितकी सीलं. पिशव्या संपल्या तिथे मागणी गेली होती, मग पुन्हा मागणी, मग जिल्ह्याला तक्रार. आई निवृत्त होईपर्यंत हेच चाललं होतं. रक्तस्रावाने त्या वॉर्डात पुन्हा कोणी गेलं नव्हतं.

केतकीला कान उडालेले कप दिसले. भाजी आणायला नेसलेलं इरकल दिसलं. काचेचं रिकामं कपाट दिसलं. ती उठून तोंड धुऊन आली.

परवाची वाट न पाहता ती त्याच संध्याकाळी गावी गेली. मल्लिनाथ अजून कामावरून आला नव्हता, ओवी शेजारी खेळायला गेली होती. आई लसूण सोलत होती. केतकी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं, सरळ, जसं दिसलं तसं. सांगताना तिचा आवाज सभेत अहवाल वाचावा तसा येत होता, आणि तो दुसरा कुठला काढावा हे तिला कळत नव्हतं.

आईने पाकळ्या वाटीत गोळा केल्या.

"किल्ली माझ्या कमरेलाच होती," ती म्हणाली.

"मग का नाही काढलीस?"

"चार डझन पिशव्या आल्या होत्या. पुन्हा कधी येतील काय भरवसा. मी म्हटलं, ठेवू अवघड बाळंतिणीसाठी. अडलेली बाई येती, जुळ्याची येती, अशक्त येती. अक्षताचं तर सगळं नीट होतं. दोन तासांत मोकळी झाली पोरगी." तिने एक सालपट उचलून बाजूला ठेवलं. "कोण अवघड ते पिशवीच सांगती, आधी कळत नाही. हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही माझ्या. प्रशिक्षणात सांगितलंही असेल. मला तिथलं जेवण आठवतंय, चांगलं होतं."

केतकीने एक गड्डा सोलायला घेतला.

"आणि एक," आई म्हणाली. "मनात आलं होतं एकदा. काढावी म्हणून. हात गेला होता कमरेला. पण तिथं दोन सिस्टर उभ्या. म्हणाल्या असत्या, दुसऱ्या बायकांसाठी कुलपात आणि सुनेसाठी बाहेर. सगळा जन्म कुणाला तसं बोलू दिलं नव्हतं गं."

बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली.

"मशीननं काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

"नाव आहे. पद आहे."

"आणि?"

"अडथळ्याचा वर्ग असतो. त्यात, कर्मचाऱ्यांची अनास्था."

आईने वर पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिचा चेहरा हलला.

"अनास्था?"

"ओघकडे जे वर्ग आहेत त्यातला जवळचा तो लावतो. चाळीस वर्षांच्या निबंधांमधून आलेत ते. जपून ठेवलं म्हणून अडलं, असा वर्गच नाही त्यात. मी शोधला."

"अनास्था नव्हती, केतकी."

"माहीत आहे मला."

"मग बदल ते."

"नवा वर्ग घालायचा तर पुरावा लागतो. कोणीतरी सांगितलेलं लागतं."

"मी सांगतीय की. लिहून घे. दुसऱ्या कुठल्या कपाटात अजून असंच काही असेल." आईने हात पदराला पुसले. "आणि नाव झाकू नकोस. सुमित्रा गुरुपाद बिराजदार, इन्चार्ज सिस्टर. पूर्ण घाल."

"काय घाल?" दारातून मल्लिनाथने विचारलं. त्याच्या हातात पंपाचा एक सुटा भाग होता. तो किती वेळ तिथे उभा होता कोणास ठाऊक; पायातली चप्पल त्याने अजून काढली नव्हती.

केतकी उठली. "दादा, परवा तुला माग येईल. त्यात शेवटचाच बांध असेल. मी पूर्ण वाट आणलीय, आधी ती बघ. वर एका ठिकाणी—"

"मला वाट नको. शेवट दाखव."

लोक शेवटच मागतात, हे तिनेच बैठकीत सांगितलं होतं. तिने टॅब पुढे केला. मल्लिनाथने वाचलं. पडद्यावरचं बोट त्याने तिथेच ठेवलं, नावावर.

"त्याच्या दुसऱ्या दिवसाचंही आहे," केतकी म्हणाली. "तेही बघ."

तिने तारीख सरकवली. ठिपका निळा झाला. त्याचा अर्थ तिने थोडक्यात सांगितला. मल्लिनाथ ऐकत होता की नाही, कळत नव्हतं.

"एक दिवस," तो म्हणाला. आईकडे न बघता. "एक दिवस आधी का नाही?"

आईने लसणाची वाटी बाजूला ठेवली.

तो आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्याने शेजारच्या घराकडे तोंड करून ओवीला हाक मारली आणि ती येताच म्हणाला, "चल, कपडे भर. उद्या लातूरला जायचं, आजोळी."

"शाळा?"

"सुट्टी सांगतो."

"किती दिवस?"

आई उठली. भिंतीला हात लावून आत गेली आणि पिशवी काढून ओवीचे कपडे भरू लागली. सगळे बेताच्या मापाचे. वाढत्या अंगाचा एकही नव्हता. ती एकेक घडी घालत होती आणि मल्लिनाथ दाराला टेकून बघत होता. केतकी मधल्या खोलीत उभी होती. आपण काहीतरी म्हणायला हवं, असं तिला वाटत होतं, पण जे येत होतं ते सगळं अहवालातलं होतं.

मोजे झाले, रिबिनी झाल्या. शेवटी तळाचे दोन फ्रॉक राहिले. आईने तेही उचलले.

"ते राहू देत," मल्लिनाथ म्हणाला.

आई थांबली.

"राहू देत इथं," तो पुन्हा म्हणाला. "आल्यावर लागतील."

आई ते दोन फ्रॉक हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली, जणू ते कुठे ठेवायचे असतात हेच ती विसरली होती. मग ती मधल्या खोलीत आली. काचेच्या रिकाम्या कपाटाशी गेली, वरच्या फळीवरची धूळ तिने पदराने पुसली आणि फ्रॉक एकावर एक ठेवले. दार लोटलं. किल्ली कुलपातच होती. तिने ती फिरवली नाही.